हिवाळ्यात कोकणच्या कड्यावर बसून समुद्रपक्षी कसे बघायचे, नवीन लोकांसाठी

थंडीत कोकणात फिरायला जाणारे खूप आहेत पण समुद्राकडे पक्ष्यांसाठी बघणारे अजून फारच कमी. पक्षीनिरीक्षण म्हटलं की आपल्याकडे जंगल नाहीतर भिगवणसारखा मोठा पाणसाठा एवढंच डोळ्यासमोर येतं, आणि किनाऱ्यावर जे काही पांढरं उडतं ते सगळं सीगल. खरंतर ऑक्टोबर ते मार्च आपल्या किनाऱ्यावर जे पक्षी येतात त्यातले काही लडाख-तिबेटच्या तलावांवरून, काही कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून आणि काही तर थेट रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रातून आलेले असतात, आणि ते बघायला बोट भाड्याने घ्यायची गरज नाही, महागडा कॅमेरा तर अजिबातच नाही. समुद्रात घुसलेला एखादा कडा, साधी दुर्बीण आणि तीन तास एका जागी बसायची तयारी, एवढ्यावर काम होतं.

हे एका जागी बसणंच नवीन लोकांना सगळ्यात अवघड जातं. पुळणीवर (म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर) कॅमेरा घेऊन थव्याच्या मागे मागे जायचं, थवा उडाला की परत मागे जायचं, यात पक्षी दमतात आणि आपल्याला मिळतात फक्त पाठमोरे फोटो. कड्यावर तसं करताच येत नाही. तिथे तुम्ही थांबता आणि पक्षी समोरून जातात, म्हणून शिकायला कडा ही पुळणीपेक्षा खूप चांगली जागा आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी वेळ ठरवा, जागा नंतर

सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरात पहिले कुरव दिसायला लागतात (कुरव म्हणजे गल, आणि सुरय म्हणजे टर्न, हे दोन शब्द पुढे सारखे येणार आहेत). नोव्हेंबर ते फेब्रुवारी भरपूर संख्या असते. फेब्रुवारीच्या शेवटाला आणि मार्चमध्ये अजून एक मजा असते, जायच्या आधी बऱ्याच कुरवांची डोकी काळी-तपकिरी व्हायला लागतात आणि ओळख एकदम सोपी होते, त्यामुळे ज्यांना एकच वीकेंड जमणार आहे त्यांनी मी तर म्हणेन फेब्रुवारीचा शेवट धरावा. शिअरवॉटर, स्टॉर्म पेट्रेल, बूबी असे खोल समुद्रातले पक्षी मात्र आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात, जोराच्या वाऱ्याने किनाऱ्याजवळ ढकलले जातात, ते डोक्यात ठेवून जानेवारीत गेलात तर निराश व्हाल.

दिवसातली वेळ म्हणजे सकाळ, यात काही तडजोड नको. आपला सगळा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे आणि पक्ष्यांवर सरळ उजेड, चोचीचा रंग, पायाचा रंग सगळं नीट दिसतं. दुपारी दोननंतर तेच उलटं होतं, पाणी चांदीसारखं चमकतं आणि त्यावर सगळे पक्षी काळे दिसतात, मग कुरव काय आणि कावळा काय. संध्याकाळी सूर्यास्त बघायला जरूर जा पण दुर्बीण खोलीवर ठेवून जा, सूर्याच्या आसपास चुकूनही दुर्बीण नेली तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

दुसरं कारण वारा. थंडीत पहाटे आणि सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, हलका, पाणी बऱ्यापैकी सपाट राहतं आणि लांबवर तरंगत बसलेला पक्षी पण दिसतो. साधारण अकरा-बारा नंतर खारा वारा सुरू होतो, पाण्यावर पांढरे फेसाचे ठिपके उमटायला लागतात आणि त्या प्रत्येक ठिपक्यात तुम्हाला सुरय दिसायला लागतो. शिवाय ऊन तापलं की पाण्यावरून गरम हवेची थरथर दिसते, स्कोपमधून (ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) बघताना तर जास्तच. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो तेव्हा तुम्ही जागेवर बसलेले असायला हवेत आणि साडेदहापर्यंत कड्यावरचं मुख्य काम संपवायचं.

आता भरती-ओहोटी. मोबाईलवर तक्ते मिळतात, ते वापराच, पण किनाऱ्यावरचा जुना हिशोब माहीत असला की कॅलेंडर बघूनच प्लॅन ठरवता येतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे तीन, अष्टमी म्हणजे सहा, पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा धरायची म्हणजे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, गावागणिक पण थोडं बदलतं, आणि सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी.

यातून दोन प्रकारचे दिवस मिळतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळभर पाणी चढत असतं आणि दुपारच्या आधी उधाणाची भरती पूर्ण होते, म्हणजे सकाळी कड्यावर बसा आणि अकरा वाजता खाली जवळच्या पुळणीकडे जा, कारण पाण्याने जागा खाल्लेली असते आणि उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर कुरव-सुरय सगळे एकत्र येऊन बसलेले असतात, आकाराची तुलना करायला याच्यासारखी संधी नाही. अष्टमीच्या आसपास उलटं, पहाटे भरती होऊन सकाळभर पाणी उतरत असतं, अशा वेळी खाडीच्या तोंडाशी असलेला कडा घ्यायचा. खाडीचं गढूळ पाणी बाहेर येऊन समुद्राच्या पाण्याला जिथे मिळतं तिथे एक रेघ दिसते, त्या रेघेवर लहान मासे असतात आणि त्यांच्यावर सुरय. मला स्वतःला हे अष्टमी-नवमीचे दिवस जास्त आवडतात. भांगाची भरती असल्याने पाण्याची चढउतार कमी असते हे खरं, पण सकाळी दोन-तीन तास सलग पक्षी मासे पकडताना बघायला मिळतात.

जागा कशी निवडायची

तीन गोष्टी बघा. एक, कडा समुद्रात पुढे आलेला हवा, म्हणजे किनाऱ्याला समांतर उडणाऱ्या पक्ष्यांना त्याला वळसा घालून जावं लागतं आणि ते तुमच्या जवळून जातात. दोन, जवळ खाडीचं तोंड किंवा मासेमारीचं बंदर असेल तर सोन्याहून पिवळं. तीन, उंची. खूप उंच जागा चांगली असं वाटतं पण तसं नाही. पाण्यापासून 30 मीटर उंचीवरून क्षितिज साधारण 19-20 किलोमीटरवर असतं आणि पुळणीवर उभं राहून जेमतेम 5 किलोमीटर, हे खरं, पण नुसत्या दुर्बिणीने तुम्ही पक्षी नीट ओळखणार ते किलोमीटरभराच्या आतले. फार वर गेलात तर सगळे पक्षी वरून बघावे लागतात, राखाडी पाठ राखाडी पाण्यात मिसळून जाते. 15 ते 30 मीटर, म्हणजे चार-पाच मजल्यांपासून दहा मजल्यांपर्यंत, एवढी उंची भरपूर झाली.

आपल्याकडे या कामासाठी किल्ले तयारच आहेत, कारण जुन्या लोकांना पण समुद्रावर नजर ठेवायलाच या जागा लागत होत्या. रेवदंड्याजवळचा कोर्लई (एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी), शास्त्री नदीच्या तोंडावरचा जयगड, रत्नागिरीचा रत्नदुर्ग, वाघोटन खाडीवरचा विजयदुर्ग, देवगडचा किल्ला आणि दीपगृहाचा परिसर, खाली सिंधुदुर्गात निवती. निवतीवरून स्वच्छ सकाळी लांब समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचे खडक दिसतात. त्या बेटांवर पाकोळ्यांची आणि सुरयांची वीण होते, तिथे उतरायचा विचारसुद्धा करू नका, लांबून बघण्यातच सगळ्यांचं भलं आहे. हर्णैला सुवर्णदुर्गासमोर किनाऱ्यावरच किल्ल्यांची टेकाडं आहेत आणि शेजारी मोठं बंदर, त्यामुळे नवीन माणसाला मी आधी हर्णैच सांगेन. रायगडकडे कडा नको असेल तर अलिबागजवळची आक्षीची पुळण कुरवांसाठी जुनी नावाजलेली जागा आहे.

किल्ला नसला तरी चालेल. कोकणात जिथे जिथे सडा (जांभ्याचं सपाट पठार) समुद्राला टेकतो तिथे असा कडा मिळतो, गावात विचारा, कोणीतरी वाट दाखवतं.

आणि इथेच सांगतो, काळजी घ्या. जांभ्याच्या कड्याची कड वरून भक्कम दिसते पण खालून पोखरलेली असू शकते, कडेपासून चार-पाच पावलं मागेच बसायचं. डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं, ते उतारावर बुटाखालून सटकन घसरतं. खाली खडपात उतरायचं असेल तर पाणी उतरत असतानाच उतरा, चढत्या पाण्यात नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट तर भरतीच्या वेळी खरोखर जीवघेणी आहे, तिथे लाटेने माणसं ओढली गेलेली आहेत. एकटे जात असाल तर राहता त्या घरी कुठल्या कड्यावर बसणार आणि किती वाजता परत येणार ते सांगून निघा. बंदर, दीपगृह, जेट्टी अशा ठिकाणी स्कोप आणि मोठी लेन्स काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, सुरक्षेचे नियम असतात आणि पाच मिनिटं बोललं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

काय न्यायचं

8x42 दुर्बीण, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं. दहा पॉवरची पण चालते पण कड्यावर वारा असतो, हात हलतो, आणि आठच्या दुर्बिणीत दिसणारा समुद्राचा तुकडा मोठा असतो त्यामुळे उडता पक्षी सापडायला सोपं जातं. स्पॉटिंग स्कोप असेल तर उत्तम, नसेल तर पहिले दोन हिवाळे त्याशिवाय आरामात जातात, ग्रुपमधल्या कोणाकडे तरी असतोच. स्कोप असेल तर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका, खाली बसून वापरा, वाऱ्यात थरथरत नाही, आणि 20-25 पटीच्या पुढे झूम क्वचितच लागतं.

टोपी, पाणी, बसायला काहीतरी जाडसर, वही-पेन्सिल. सकाळी सातला थोडी थंडी असते आणि नऊला ऊन चटका देतं, त्यामुळे वरचा शर्ट काढता येईल असे कपडे. परत आल्यावर दुर्बिणीवरचा खार ओल्या मऊ कपड्याने टिपून घ्या, कोरड्या कपड्याने घासली तर मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. हे त्याच दिवशी करायचं, घरी गेल्यावर नाही.

बसल्यावर करायचं काय

पहिली दहा मिनिटं दुर्बीण लावूच नका. नुसत्या डोळ्यांनी बघा, कुठे हालचाल आहे, मासेमारी बोटी कुठे आहेत, पाण्याचा रंग कुठे बदलतोय, कुठल्या खडकावर काय बसलंय. मग खुणा ठरवा, हा खडक, ते बोय (पाण्यावर तरंगणारी खूण), ती लाल झेंड्याची होडी. दोघं-तिघं असाल तर हे फारच महत्त्वाचं, कारण समुद्रावर “तो बघ तिकडे” म्हणून काहीही सापडत नाही. “लाल झेंड्याच्या होडीच्या उजवीकडे, क्षितिजाच्या दोन बोटं खाली, डावीकडे चाललाय” असं सांगितलं तर लगेच सापडतो. दिशा आणि वेग सांगायचाच, कारण समोरचा माणूस दुर्बीण लावेपर्यंत पक्षी पुढे गेलेला असतो.

बघायची पद्धत दोन प्रकारची. एक, क्षितिजाची रेघ दुर्बिणीच्या वरच्या भागात ठेवून डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश सरकत जायचं, मग थोडं खाली येऊन उजवीकडून डावीकडे. सावकाश म्हणजे खरंच सावकाश, एका फेरीला मिनिट-दीड मिनिट. दोन, दुर्बीण एकाच जागी स्थिर धरायची, कड्याच्या टोकासमोर, आणि त्या चौकटीतून जे जाईल ते बघायचं. सकाळी लवकर पक्षी एका दिशेने सरकत असतात तेव्हा दुसरी पद्धत चांगली चालते. दोन्ही आलटून पालटून करा, डोळे थकले की पाच मिनिटं सोडून द्या.

आणि पक्षी सापडल्यावर लगेच नाव शोधायला मोबाईल काढू नका, पक्षी निघून जातो आणि हातात काहीच राहत नाही. आधी तो उडतो कसा ते बघा. कुरवाचे पंख रुंद, ठोके सावकाश, पाण्यावर आरामात बसतो. सुरयाचे पंख लांब टोकदार, शरीर सडपातळ, उडताना चोच खाली पाण्याकडे रोखलेली, मधेच थांबून हवेत पंख मारतो आणि मग सूर मारतो, पाण्यावर बसलेला क्वचितच दिसतो. पाणकावळा मान पुढे ताणून पाण्याला चिकटून भरभर जातो, बगळा मान दुमडून. एवढे चार आकार पक्के झाले की समोर जाणाऱ्या बहुतेक पक्ष्यांचं घराणं कळतं. जाती नंतर.

कुरव ओळखायचे

सुरुवातीला दोनच शिका, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं असतं आणि डोळ्यामागे काळपट ठिपका, म्हणजे नावाचा काही उपयोग नाही. उडताना पंखाचं टोक बघायचं. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं पंखाचं टोक ठळक काळं आणि त्यात पांढरे ठिपके, काळ्या डोक्याच्याला पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा पाचरीसारखा पट्टा आणि काळं फक्त मागच्या कडेला व टोकाला. बसलेला असेल तर डोळा बघा, प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट आणि चोच जाड, काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद आणि चोच बारीक. लडाखला पँगाँगच्या बाजूला वीण करतात ते यातले तपकिरी डोक्याचे.

या थव्यात एखादा मान लांब काढून बसलेला, कपाळ उतरतं, चोच लांब, आणि डोळ्यामागचा ठिपका नाही किंवा अगदी पुसट, असा दिसला तर तो स्लेंडर-बिल्ड गल. एकदा ओळखता आला की मग थव्यातून तो आपोआप वेगळा दिसतो.

मोठे कुरव हा वेगळा विषय आहे. पलासचा गल सगळ्यात मोठा, लांबुळकं डोकं, जाड पिवळी चोच आणि टोकाशी काळा-लाल पट्टा, डोळ्याभोवती काळपट मुखवटा आणि त्यात पांढऱ्या पापण्या उठून दिसतात. फेब्रुवारीत याचं डोकं पूर्ण काळं झालेलं दिसलं तर नशीबवान समजा, फार देखणा पक्षी. बाकीचे मोठे पांढऱ्या डोक्याचे, पिवळ्या पायांचे, म्हणजे ह्यूग्लिन (पाठ गडद राखाडी, पाटीच्या दगडासारखी) आणि स्टेप (पाठ जरा फिकट), यांच्यावर अनुभवी लोकांमध्ये पण वाद होतात. मोठ्या कुरवांना प्रौढ व्हायला साधारण चार वर्षं लागतात आणि दरवर्षी पिसारा वेगळा, त्यामुळे तपकिरी ठिपक्यांचा पोरसवदा मोठा कुरव दिसला तर वहीत “मोठा कुरव, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा” एवढंच लिहा. ही पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे, त्यात कमीपणा काही नाही.

सुरय ओळखायचे

इथे चोच बघायची, चोचीतच सगळं आहे, आणि म्हणूनच सकाळचा उजेड.

पूर्ण काळी, जाड, आखूड चोच आणि डोळ्यामागे काळा डाग: गल-बिल्ड टर्न. हा सगळ्यात सहज दिसणारा. सूर कमी मारतो, पुळणीवरून-चिखलावरून खालून उडत येऊन खेकडे उचलतो.

नारिंगी, निमुळती चोच: लेसर क्रेस्टेड. पिवळी, थोडी हिरवट झाक असलेली लांब चोच, पक्षी मोठा आणि पाठ जास्त गडद: ग्रेटर क्रेस्टेड. दोघांच्या डोक्यामागे काळा तुरा विस्कटलेला दिसतो. काळी चोच आणि फक्त टोक पिवळं: सँडविच टर्न, लांबून पिवळं टोक दिसत नाही आणि चोच आखूड भासते, पण पाठ फारच फिकट, पांढरी वाटावी इतकी. गाजरासारखी जाडजूड लाल चोच आणि जवळजवळ मोठ्या कुरवाएवढा आकार: कॅस्पियन टर्न, याला चुकायचं कारणच नाही.

अगदी छोटे, भरभर पंख मारणारे सुरय दिसले तर लिटल किंवा साँडर्स. हिवाळ्याच्या पिसाऱ्यात या दोघांना वेगळं करायच्या फंदात नवीन माणसाने पडू नये, “लिटल/साँडर्स” असं लिहून मोकळं व्हा.

सुरयांच्या थव्यात अचानक गोंधळ उडाला, सगळे एकाच वेळी वर उठले, आणि एक गडद तपकिरी, बळकट पक्षी एका सुरयाच्या मागे वळणं घेत लागला असेल तर श्वास रोखून बघा, तो स्कुआ असू शकतो. स्वतः मासे पकडण्यापेक्षा दुसऱ्याने पकडलेला मासा टाकायला लावायचा आणि तो पाण्यावर पडायच्या आत उचलायचा ही त्याची पद्धत. पंखाच्या टोकाजवळ पांढरी चमक दिसली तर जवळजवळ नक्की. पोमराईन आणि पॅरासायटिक दोन्ही हिवाळ्यात अरबी समुद्रात असतात पण किनाऱ्यावरून रोज दिसत नाहीत. तरी आधी बहिरी ससाणा नाही ना ते तपासा, तोही कड्यांवर असतो आणि तोही सगळ्यांना उठवतो, फरक हा की ससाण्याला मासा नको असतो, पक्षी हवा असतो.

कड्यावर बसल्या बसल्या बाकी पण बरंच दिसतं. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून तरंगतो आणि शेपूट पाचरीसारखी आखूड. ब्राह्मणी घार तर सगळीकडे. खालच्या खडकांवर काळपट राखाडी वेस्टर्न रीफ बगळा, दगड-शेवाळ उलटून बघणारे टर्नस्टोन, पुळणीवर लाटेच्या मागे-पुढे पळणारे सँडरलिंग आणि चिखले (प्लोव्हर). किल्ल्याच्या तटावर ब्लू रॉक थ्रश. आणि पाण्यात काळपट पाठी वर-खाली होताना दिसल्या तर हंपबॅक डॉल्फिन, त्यांच्यावर नजर ठेवा, ते मासे वर आणतात तेव्हा सुरय पण तिथेच जमतात.

दहा-साडेदहानंतर खाली या

कड्यावरून जे लांबून बघितलं ते जवळून पक्कं करायला बंदर किंवा रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) गाठायची. सिंधुदुर्गात सकाळी रापण ओढतात तिथे जाळं किनाऱ्याला लागायच्या आधीच कुरव हजर असतात. बंदरावर मासळी निवडून उरलेलं टाकतात तिथे पलासचे आणि मोठे कुरव अगदी पाच-दहा मीटरवरून बघायला मिळतात, पायाचा रंग, डोळा, चोचीवरचा ठिपका सगळं. लोकांच्या कामाच्या मध्ये उभं राहायचं नाही, बाजूला थांबायचं, आणि जमलं तर गप्पा मारायच्या. कुठल्या महिन्यात किती पक्षी, कुठल्या माशाबरोबर येतात, हे रोज समुद्रावर जाणाऱ्या माणसाइतकं कोणालाच माहीत नसतं.

कुरवांना गाठी-शेव, चिप्स टाकायचे नाहीत. मांडव्याच्या बोटीवर हा प्रकार सर्रास चालतो, फोटो छान येतात, पण तळलेलं खारट पीठ हे मासे खाणाऱ्या पक्ष्याचं अन्न नाही. आणि भरतीला वाळूवर बसलेल्या थव्याकडे सरळ चालत जायचं नाही. ते मजा करत बसलेले नसतात, पाणी उतरेपर्यंत विश्रांती घेत असतात, मार्चमध्ये हजारो किलोमीटर उडायचंय त्यासाठी अंगात चरबी साठवत असतात. थव्यातल्या पक्ष्यांनी माना वर केल्या, सगळे एका बाजूला तोंड करून चालायला लागले की तुम्ही जास्त जवळ गेलात, तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. पुळणीवर गाडी नेणाऱ्यांना आणि कुत्रा सोडणाऱ्यांना शांतपणे सांगा, बरेच लोक ऐकतात, त्यांना फक्त माहीत नसतं.

वाळूवर एखादा पक्षी थकून बसलेला किंवा जखमी सापडला तर त्याला परत समुद्रात ढकलू नका, समुद्रपक्षी किनाऱ्यावर असा बसला म्हणजे त्याला काहीतरी झालेलं असतं. लोकांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, सावली करा, तोंडात पाणी ओतू नका आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाईनला फोन करा.

नोंद ठेवा, पहिल्या दिवसापासून

तारीख, जागा, किती वाजता बसलात-उठलात, वारा, भरती की ओहोटी, आणि पक्षी. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाईट आणि अ‍ॅप) अकाउंट फुकट आहे, एका जागी बसून केलेल्या निरीक्षणासाठी तिथे वेगळा प्रकार आहे, तो निवडा. मोजताना मोठ्या थव्यातले दहा पक्षी आधी नीट मोजायचे, ते दहा थव्यात किती जागा घेतात ते बघायचं आणि मग तेवढे तेवढे दहा पुढे सरकवत जायचे. उडत जाणाऱ्यांसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा, कुठल्या पंधरा मिनिटांत किती दक्षिणेला गेले आणि किती उत्तरेला, हे वहीत लिहायला सोपं आणि दोन-तीन वर्षांनी याचं मोल कळतं. नुसता “खूप कुरव” असा शेरा पुढे कोणाच्याच कामी येत नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्यात किनाऱ्यावरच्या जागा मोजायला माणसं कमी पडतात, तुमच्या जवळचा किनारा घ्या.

बंदरावर मोठ्या कुरवांच्या पायाकडे मुद्दाम बघत जा. कधीतरी एखाद्याच्या पायात रंगीत प्लास्टिकचं किंवा धातूचं कडं दिसतं. कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, कड्याचा रंग, अक्षरांचा रंग आणि अक्षरं-आकडे, एवढं लिहून बीएनएचएसला (मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा, ते कडं कुठे घातलं होतं हे कळलं की तो पक्षी कुठून कुठे आला ते नकाशावर मांडता येतं. फोटो असेल तर जोडा, नसेल तरी कळवा, आणि अक्षरं अर्धवटच वाचता आली असतील तर अर्धवटच लिहा, उरलेली अंदाजाने भरू नका.